अलेसिया आणि जिंजी : वेढणाऱ्यालाच पडलेला वेढा

'वेढा' हा शब्द आमच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत इतक्या वेळा येतो की, तो वाचताना विद्यार्थ्याच्या मनःचक्षूंसमोर काही उभेच राहत नाही. अमक्या सरदाराने अमक्या किल्ल्यास वेढा दिला, इतके महिने तो चालला, शेवटी किल्ला पडला किंवा वेढा उठला, एवढ्यावर मास्तरही पुढचे पान उलटतात. वास्तविक वेढा ही लढाईपेक्षा फार वेगळी गोष्ट आहे. लढाई एका दिवसात संपते. वेढ्यात मात्र दोन्ही पक्षांच्या शौर्याबरोबर त्यांचे धान्य, त्यांचा पैसा, त्यांच्या सरदारांतील सलोखा आणि त्यांच्या राज्याची घडण या सर्वांची परीक्षा होते. कोणते राज्य एका माणसावर उभे आहे आणि कोणते अनेकांच्या खांद्यांवर, हे वेढ्यात जितके स्वच्छ दिसते तितके रणांगणावर दिसत नाही.

हे विधान पडताळून पाहण्यासाठी आम्ही येथे दोन वेढे शेजारी शेजारी ठेवीत आहोत. एक इ. स. पू. ५२ मधील अलेसियाचा. रोमन सेनापती ज्यूलियस सीझर याने गॉल जमातींचा नायक व्हर्सिंजेटोरिक्स याच्याभोवती घातलेला. दुसरा आमच्याच इतिहासातील जिंजीचा; औरंगजेबाचा सरदार झुल्फिकारखान याने छत्रपती राजाराममहाराजांभोवती १६९० पासून १६९८ पर्यंत चालविलेला. या दोहोंत सतरा शतकांहून अधिक काळाचे अंतर आहे. तरीही एक विलक्षण साम्य त्यांना जोडते : दोन्ही ठिकाणी वेढा घालणाऱ्याच्या पाठीवर दुसरे सैन्य येऊन आदळले आणि वेढणाराच वेढला गेला. निकाल मात्र परस्परविरुद्ध लागले. ते तसे का लागले, हा या लेखाचा विषय होय.

अलेसिया

आजच्या फ्रान्समध्ये बर्गंडी प्रांतात आलिझ-सँत-रेन नावाचे एक गाव आहे. त्याच्या माथ्यावरील सपाट टेकडीवर मांडुबी नावाच्या जमातीचे तटबंद नगर होते, तेच अलेसिया. इ. स. पू. ५८ पासून सीझर गॉल प्रदेश जिंकीत होता. इ. स. पू. ५२ मध्ये आर्व्हर्नी जमातीचा तरुण सरदार व्हर्सिंजेटोरिक्स याने विखुरलेल्या जमातींना एकत्र आणून मोठा उठाव केला. आमच्या वाचकांना त्याची पद्धती परिचित वाटेल. रोमनांशी समोरासमोर लढावयाचे नाही. त्यांची रसद तोडावयाची. त्यांच्या वाटेवरची गावे आणि धान्य आपणच जाळून टाकावयाचे. जर्गोव्हिया येथे त्याने खुद्द सीझरला माघार घ्यावयास लावली. पुढे घोडदळाच्या एका लढाईत मात्र त्याचा पराभव झाला आणि तो आपल्या सैन्यासह अलेसियाच्या टेकडीवर गेला. जो मोकळ्या मैदानाचा धनी होता तो आपल्या पायांनी कोंडवाड्यात शिरला.

सीझरने टेकडीवर हल्ला केला नाही. त्याने फावडी बाहेर काढली. टेकडीभोवती सुमारे अकरा रोमन मैल घेराची तटबंदी त्याच्या सैनिकांनी उभारली. तिची रचना सीझरने आपल्या ग्रंथात बारकाईने सांगितली आहे. प्रथम वीस फूट रुंद, उभ्या कडांचा एक खंदक. त्याच्या मागे काही अंतरावर पंधरा पंधरा फूट रुंदीचे दोन खंदक, पैकी आतल्यात नदीचे पाणी सोडलेले. त्यांच्या मागे बारा फूट उंचीचा मातीचा बांध, त्यावर लाकडी कठडा आणि दर ऐंशी फुटांवर एक मनोरा. एवढ्यानेही त्याचे समाधान झाले नाही. खंदकांच्या पुढच्या जमिनीत टोकदार फांद्यांच्या पाच रांगा रोवल्या. त्यांच्या पुढे तीन फूट खोल खड्डे खणून प्रत्येकात अणकुचीदार खुंट पुरला आणि वर काटक्या-पाला पसरला. सैनिक या खड्ड्यांना थट्टेने 'कमळे' म्हणत. त्यांच्याही पुढे लोखंडी आकडे बसविलेले ठोकळे जमिनीत गाडले.

तटबंदी पुरी होण्यापूर्वीच व्हर्सिंजेटोरिक्सने आपले घोडदळ रात्रीच्या अंधारात बाहेर काढून दिले. प्रत्येकाने आपापल्या जमातीकडे जावे आणि शस्त्र धरू शकणारा प्रत्येक मनुष्य घेऊन यावे, अशी त्याची आज्ञा होती. किल्ल्यात सीझरच्या सांगण्याप्रमाणे ऐंशी हजार माणसे होती आणि धान्य जेमतेम तीस दिवसांचे. ही वार्ता सीझरला फितुरांकडून कळली, आणि त्याने जो उपाय योजिला त्यातच या वेढ्याची कीर्ती आहे. त्याने आपल्याच छावणीच्या पाठीमागे, बाहेरच्या दिशेला तोंड केलेली दुसरी तटबंदी उभारली. तिचा घेर चौदा रोमन मैलांचा होता. दोन वर्तुळे, आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात रोमन सैन्य. आतले शत्रू आत, बाहेरून येणारे बाहेर. शिक्षकाने फळ्यावर दोन समकेंद्र वर्तुळे काढून मधल्या पट्टीत खडूने रेघा मारल्या की सारा अलेसिया मुलांना दिसू लागतो.

तीस दिवस संपले, कुमक आली नाही. किल्ल्यात सभा भरली. क्रिटोग्नाटस नावाच्या सरदाराने, जे लढण्यास निरुपयोगी आहेत त्यांच्या मांसावर जगून किल्ला झुंजवावा, असे सुचविल्याचे सीझर लिहितो. तसे घडले नाही. परंतु जे घडले तेही कमी भयंकर नव्हते. ज्या मांडुबी लोकांचे ते नगर, त्यांनाच बायकामुलांसह तटाबाहेर घालविण्यात आले. ते रोमनांच्या बांधापाशी आले, आम्हांला गुलाम करा पण अन्न द्या म्हणून रडले. सीझरने त्यांना आत घेऊ नये असा पहारा बसविला. दोन तटांच्या मधल्या जमिनीवर त्या लोकांचे पुढे काय झाले, ते सांगण्यास सीझर थांबलेला नाही. युद्धकथा वाचताना विद्यार्थ्यांचे डोळे सेनापतीवर असतात. शिक्षकाने ते क्षणभर या मधल्या जमिनीकडे वळवावेत, असे आम्हांस वाटते.

शेवटी कुमक आली. सीझरने तिची संख्या अडीच लाखांच्या घरात सांगितली आहे. आधुनिक इतिहासकार ती फुगविलेली मानतात. ती संख्या निम्मी धरली तरी रोमनांपेक्षा कितीतरी अधिक होती. तीनदा आतून आणि बाहेरून एकाच वेळी हल्ला झाला. तिसऱ्या खेपेस वायव्येकडील टेकडीखालच्या छावणीवर, जेथे तटबंदी दुबळी होती तेथे, गॉलांनी सर्व जोर लावला. लाबिएनस हा रोमन सरदार तेथे टिकून राहिला, स्वतः सीझर आपला ओळखीचा झगा अंगावर घालून धावून आला, आणि त्याने बाहेरून पाठविलेले घोडदळ गॉलांच्या पिछाडीवर तुटून पडले. कुमकेची फौज फुटली आणि रातोरात पांगली. दुसऱ्या दिवशी व्हर्सिंजेटोरिक्सने शरणागती पत्करली. सहा वर्षे तो कैदेत होता, इ. स. पू. ४६ मध्ये सीझरच्या विजययात्रेत त्याला मिरवून नंतर ठार मारण्यात आले. गॉलमधील तुरळक प्रतिकार पुढील वर्षापर्यंत चालला, पण उठावाचा कणा अलेसियातच मोडला. म्हणूनच या वेढ्याला निर्णायक म्हणतात.

जिंजी

आता आपल्या इतिहासाकडे वळू. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजीमहाराज पकडले गेले आणि मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. रायगडास वेढा पडला. त्या वेळी एकोणीस वर्षांच्या राजारामांनी काय करावे, हा प्रश्न गडावर उभा राहिला. राजपुत्र शाहू आणि येसूबाई रायगडावर राहिली. राजाराम बाहेर पडले. नोव्हेंबरात रायगड पडला आणि शाहू व येसूबाई मोगलांच्या हाती लागली. त्यापूर्वीच, सप्टेंबरच्या अखेरीस, राजारामांनी पन्हाळा सोडला होता. यात्रेकरूंच्या वेशात, बेदनूरच्या राणी चन्नम्माचे साहाय्य घेत, मोगलांच्या पाठलागातून निसटत ते महिनाभराहून थोड्या अधिक काळात जिंजीस पोहोचले. शिवाजीमहाराजांनी १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयात घेऊन ठेविलेला हा किल्ला अशा रीतीने राज्याच्या कामी आला.

जिंजी हा एक किल्ला नव्हे, तीन किल्ले आहेत. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन खडकाळ टेकड्या त्रिकोणात उभ्या असून त्या तटांनी एकमेकींस जोडल्या आहेत. रायगडाचा विजेता म्हणून 'झुल्फिकारखान' हा किताब मिळालेला वजीर असदखानाचा पुत्र सप्टेंबर १६९० मध्ये या किल्ल्यापुढे आला. पहिल्याच दिवसांत त्याला कळून चुकले की, एवढ्या विस्ताराला सर्व बाजूंनी कोंडण्याइतके सैन्य आपल्यापाशी नाही. त्याने मद्रासच्या इंग्रजांकडे दारूगोळा आणि माणसे मागितली. किल्ल्यात धान्य जात राहिले, माणसे येत-जात राहिली. अलेसियाचे वर्तुळ बंद होते. जिंजीचे कधीच पुरते बंद झाले नाही.

१६९१ च्या अखेरीस असदखान आणि शाहजादा कामबक्ष नव्या फौजेसह येऊन मिळाले. वेढ्याला जोर आला, पण छावणीत तीन डोकी झाली. वजीर, त्याचा मुलगा आणि बादशहाचा मुलगा, या तिघांचे एकमेकांशी पटेना. आणि मग डिसेंबर १६९२ मध्ये, रामचंद्रपंत अमात्यांनी महाराष्ट्रात उभारलेले सुमारे तीस हजारांचे घोडदळ घेऊन संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव कर्नाटकात उतरले. संताजीने कांचीचा मोगल फौजदार अलीमर्दानखान याला लढाईत पकडून जिंजीस आणले. पुढे मोठी खंडणी घेऊन त्याला सोडण्यात आले. धनाजी वेढ्याच्या मोर्च्यांवर तुटून पडला. इस्माईलखान मका हा सरदारही मराठ्यांच्या हाती पडला. मोगल छावणीत धान्य येईना, बातमी येईना. बादशहा वारल्याची वावडी उठली. घाबरलेल्या कामबक्षाने राजारामांशी गुप्तपणे बोलणे लावले. ते उघडकीस येताच असदखान व झुल्फिकारखान यांनी बादशहाच्या मुलालाच कैद केले. मोठ्या तोफा नेता येईनात म्हणून त्या निकामी करून मोर्चे सोडण्यात आले. शेवटी जानेवारी १६९३ मध्ये राजारामांशी बोलणी करून उपासमारीने हैराण झालेली ती फौज वांदिवाशकडे मागे गेली.

अलेसियात जे साधावयाचे राहिले ते येथे साधले. बाहेरून आलेल्या सैन्याने वेढणाऱ्यालाच वेढले आणि वेढा उठविला.

फरक कोठे पडला?

पहिला फरक कुमकेच्या जातीत आहे. अलेसियाला आलेली कुमक हा अनेक जमातींचा एकदाच जमलेला मेळा होता. तिचे नेते चार, तिची शिदोरी थोड्या दिवसांची आणि तिचा डाव एकच : तटबंदीवर धाव घेणे. सीझरला हवे होते तेच तिने केले. खंदक आणि खुंट यांच्यावर ती आपण होऊन येऊन आदळली. संताजी-धनाजींनी मोर्च्यांवर हल्ले केले खरे, परंतु त्यांचा मुख्य भर मोर्च्यांच्या मागील वाटांवर होता. रसद, कांचीकडील ठाणी, पत्रे घेऊन जाणारे जासूद, हे त्यांचे लक्ष्य. व्हर्सिंजेटोरिक्सने वर्षाच्या आरंभी जी पद्धती स्वीकारली होती, तीच ऐन प्रसंगी त्याच्या सोबत्यांना आठवली नाही.

दुसरा फरक काळाचा आहे. सीझरपाशी एक मोसम होता, गॉलांपाशी एक महिना. जिंजीत वर्षे गेली, आणि काळ ज्याच्या बाजूने असतो त्याला वेढ्याचे भय नसते. झुल्फिकारखान मुद्दामच वेढा लांबवीत होता, असा संशय त्याच्या समकालीनांनी बोलून दाखविला आहे. मोगल सैन्याबरोबर असलेला भीमसेन सक्सेना हा फारसी लेखक तर ते स्पष्टपणे लिहितो. संशय खरा असो वा नसो, एवढे निश्चित की, मोगलांची एक मोठी फौज आणि तिचे उत्तम सरदार सात वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्रापासून दूर गुंतून पडले.

तिसरा फरक आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. व्हर्सिंजेटोरिक्स अलेसियात शिरला तेव्हा उठावाचे डोके आणि हृदय दोन्ही त्याच्याबरोबर आत गेली. बाहेर उरले ते हातपाय. राजाराम जिंजीत होते तेव्हा महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य 'हुकुमतपन्हा' म्हणून सर्वाधिकार चालवीत होते; शंकराजी नारायण गड परत मिळवीत होते; सेनापती आपल्या बुद्धीने मोहिमा आखीत होते; आणि जिंजीत प्रल्हाद निराजी 'प्रतिनिधी' या नव्या पदावरून कारभार पाहत होते. राजा किल्ल्यात होता, पण राज्य किल्ल्यात नव्हते. म्हणून किल्ला पडला तरी राज्य पडले नाही.

किल्ला पुढे पडलाच, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ज्या वीरांनी १६९२ चा विजय मिळविला त्यांच्यातच दुही माजली. संताजीचे राजारामांशी आणि धनाजीशी बिनसले. जून १६९७ मध्ये तो शत्रूच्या हातून न पडता नागोजी माने याच्याकडून मारला गेला. त्यानंतरच्या हिवाळ्यात झुल्फिकारखानाने वेढा पुन्हा आवळला, आणि १६९८ च्या आरंभी जिंजी मोगलांच्या ताब्यात गेली. विजेत्याच्या किताबावरून तिला 'नुसरतगड' हे नाव देण्यात आले. पण त्यापूर्वीच राजाराम निसटले होते. खंडो बल्लाळ यांनी मोगलांच्या बाजूस असलेल्या शिर्क्यांना आपले वतन देऊन वळविले आणि ही वाट मोकळी केली, असे परंपरा सांगते. राजाराम विशाळगडास पोहोचले. त्यांचे कुटुंबीय मात्र शत्रूच्या हाती लागले, हेही विसरता कामा नये. शिवाजीमहाराज १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळ्यावरून निसटले, तेव्हा जो धडा मराठी राज्याने घेतला होता तोच येथे उपयोगी पडला : गड गेला तर परत घेता येतो, धनी गेला तर सारेच अवघड होते. आणि मार्च १७०० मध्ये धनीही गेला, तेव्हा राज्याने याच्याही पुढचा धडा गिरविला. राजारामांच्या मृत्यूनंतर ताराबाईंनी युद्ध चालविले, आणि १७०७ मध्ये अहमदनगरास औरंगजेबाचा अंत झाला तेव्हाही ते चालूच होते.

वेढा आणि ग्रंथ

येथवर युद्धशास्त्र झाले. साहित्याच्या अभ्यासकांना याहून अधिक विचार करावयास लावील अशी एक गोष्ट शिल्लक आहे.

अलेसियाविषयी आम्हांस जे कळते ते जवळजवळ सर्व सीझरच्याच ग्रंथावरून. वेढा घालणारानेच वेढ्याचा इतिहास लिहिला. ऐंशी हजार, अडीच लाख हे आकडे त्याचे. क्रिटोग्नाटसचे भाषण त्याच्याच लेखणीतून उतरलेले. एकोणिसाव्या शतकात, १८६१ ते १८६५ या काळात, तिसऱ्या नेपोलियनच्या आज्ञेने आलिझ येथे उत्खनन झाले. १९९१ ते १९९७ मध्ये फ्रेंच व जर्मन संशोधकांनी ते पुन्हा केले. खंदक सापडले, सीझरची रचना मुख्यतः खरी ठरली, जरी ती सर्वत्र त्याने सांगितली तितकी एकसारखी नव्हती. पण माती उकरून खंदक सापडतो, वेढल्या गेलेल्या माणसाचे मनोगत सापडत नाही. व्हर्सिंजेटोरिक्सचा १८६५ मध्ये उभारलेला भव्य पुतळा त्या टेकडीवर आहे. त्याचा स्वतःचा असा एक शब्द कोठे नाही.

जिंजीत उलट घडले. येथे वेढलेल्यांनीच ग्रंथ लिहिले. केशव पंडिताने राजारामांच्या जिंजीपर्यंतच्या प्रवासावर 'राजारामचरितम्' हे संस्कृत काव्य रचले. आणि १६९७ च्या सुमारास, म्हणजे किल्ला पडण्याच्या आदल्याच वर्षी, राजारामांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासद याने जिंजीत शिवछत्रपतींची बखर लिहिली. मराठी बखर वाङ्मयातील हा एक आद्य आणि सर्वाधिक विश्वसनीय ग्रंथ मानला जातो. तिच्यात थोरल्या महाराजांच्या पराक्रमाबरोबर गडांच्या, फौजेच्या, कारखान्यांच्या याद्या आहेत. आजवर आम्ही मुलांना त्या याद्या गाळून वाचावयास सांगत आलो. आता तसे करीत नाही. बाहेर शत्रूच्या तोफा आहेत, राजधानी शत्रूच्या हाती आहे, राजाचा पुतण्या कैदेत आहे, आणि आत एक वृद्ध सेवक बसून राज्य कसे होते ते एकेक गड मोजून लिहून ठेवीत आहे. ही कोरडी मोजदाद नव्हे. हरवू पाहणाऱ्या वस्तूचा तो ताळेबंद आहे. जे लिहिले गेले ते परत मिळविता येते, ही श्रद्धा त्यामागे आहे.

मराठ्यांच्या बाजूचे हे ग्रंथ, भीमसेनाचा फारसी वृत्तांत, पाँडिचेरीचा फ्रेंच अधिकारी फ्रान्स्वा मार्टिन याच्या आठवणी, अशा अनेक डोळ्यांनी जिंजीचा वेढा पाहता येतो. हे भाग्य अलेसियाच्या अभ्यासकास नाही. म्हणून इतिहासाच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांना एक प्रश्न नेहमी विचारावयास शिकवावे : हे कोणी लिहिले, आणि तो तटाच्या कोणत्या बाजूला उभा होता?

उपसंहार

हा लेख आम्ही सुरतेच्या दक्षिणेस असलेल्या पलसाणा या गावी बसून लिहीत आहोत. कोठे जिंजी आणि कोठे हा तापीकाठचा प्रदेश, असे वाचकांस वाटेल. पण ज्या धनाजीने जिंजीचे मोर्चे उधळले, तोच १७०५–०६ च्या सुमारास गुजरातेत उतरला आणि रतनपूर येथे त्याने मोगल फौजेचा मोड केला. त्या वाटेने पुढे दाभाडे आले, पिलाजी गायकवाडांनी १७१९ मध्ये सोनगड घेतला, आणि कालांतराने पलसाणा हे बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातील एक ठिकाण झाले. या भागात मराठी भाषा जी आली ती त्या घोड्यांच्या टापांमागून. जिंजी जर अलेसिया झाली असती, तर ही भाषा या भूमीत अशी रुजली असती असे आम्हांस वाटत नाही.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत. बारावा तामिळनाडूतील जिंजी. सहलींचे बेत आखताना तो बारावा किल्ला लांब म्हणून शाळा सोडून देतील, हे आम्ही समजू शकतो. पाठ्यपुस्तकात मात्र तो दोन ओळींत आटोपता येणार नाही. निदान त्या दिवशी फळ्यावर दोन वर्तुळे काढावीत, आणि मुलांना विचारावे : बाहेरचे वर्तुळ कोणी काढले, आतले कोणी काढले, आणि त्यातून जो निसटला तो आपल्याबरोबर काय घेऊन गेला?